मुका झालेला खर्ज

होम थिएटर ही वस्तू महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत साधारणतः या शतकाच्या पहिल्या दशकात आली. डीव्हीडी लावण्याचा मुख्य संच, पाच लहान स्पीकर आणि एक अवजड काळी पेटी असा तो सात नगांचा परिवार असे. पुढे डीव्हीडीच मागे पडली. मुख्य संचातील लेझरचा डोळा अधू झाला, सुटे भाग मिळेनासे झाले आणि एके दिवशी तो भंगारवाल्याच्या गाडीवर चढला. लहान स्पीकरही इकडे तिकडे पांगले. ती पेटी मात्र पुष्कळ घरांत अद्याप जागेवर आहे. जड असल्यामुळे तिला कोणी हलवत नाही आणि वरून सपाट असल्यामुळे तिच्यावर कुंडी, रद्दी किंवा इस्त्रीचे कपडे सुखाने नांदतात.

या पेटीला सबवूफर म्हणतात. ती बिघडली आहे असा घरोघरी समज असतो, आणि बहुतेक वेळा तो खरा नसतो. पेटी धडधाकट असते. तिला चालवणारा तेवढा नाहीसा झालेला असतो.

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्‌झपासून वरचे ध्वनी ऐकू येतात. त्यांतील अगदी तळचे, म्हणजे वीसपासून शंभर-सव्वाशे हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी निर्माण करणे हे सबवूफरचे काम. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात यासाठी एक स्वतंत्र वाहिनी असते. ती फक्त १२० हर्ट्‌झपर्यंतचाच भाग वाहते, म्हणून तिला पूर्ण वाहिनी न मोजता ‘पॉइंट वन’ म्हणतात आणि पाच स्पीकरांसह तिची गणती ‘फाइव्ह पॉइंट वन’ अशी होते. जाहिरातींनी या पेटीचे नाते स्फोट आणि धावत्या मोटारी यांच्याशी जोडले, हे तिचे दुर्दैव. आपल्या संगीतातही तिच्याशिवाय अडते. पुरुष गायकाने काळी एक हा षड्ज धरला, तर तो सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्‌झवर बोलते. मुठीएवढ्या स्पीकरला दीडशेच्या खाली फारसे उतरता येत नाही. कान मोठा समजूतदार असतो. तो वरच्या स्वरांशांवरून खालच्या स्वराची कल्पना करून घेतो, त्यामुळे तंबोरा अगदीच नाहीसा होत नाही. परंतु त्याचे बूड हरवते.

सांगलीच्या एका घरात नेमके हेच घडले. घरातील अण्णा शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. त्यांचे थोरले बंधू घरगुती बैठकीत गात असत. त्यांच्या गाण्याच्या काही कॅसेट अण्णांनी जपून ठेवल्या होत्या आणि त्या खराब होण्यापूर्वी नातवाकडून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. बंधू आता नाहीत. दूरचित्रवाणी संचाला पेन ड्राइव्ह लावून गाणे सुरू केले, तेव्हा अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “दादाच आहे. पण तंबोरा कुठं गेला?”

वयाबरोबर कानातून आधी वरचे, बारीक ध्वनी जातात. खालचे त्या मानाने पुष्कळ काळ टिकतात. अण्णांच्या वाट्याला उलटेच आले होते. जे त्यांना नीट ऐकू येत होते तेच त्या संचाला वाजवता येत नव्हते. पुण्याहून मुलगा आला, त्याने नवा रिसीव्हर आणि समोरचे दोन मध्यम आकाराचे स्पीकर आणले. काळ्या पेटीकडे पाहून तो म्हणाला, “अण्णा, ही आता टाकून द्या. हिला रिसीव्हर चालवू शकत नाही. नवीन घेऊ.” अण्णांचा प्रश्न एवढाच होता, “हिला झालंय काय, ते आधी सांग.”

मुलाचे पहिले वाक्य बरोबर होते, निष्कर्ष घाईचा होता. सबवूफर दोन प्रकारचे असतात. ॲक्टिव्ह सबवूफरच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायर असतो. त्याला विजेची वेगळी वायर असते आणि तो भिंतीतून शक्ती घेतो. पॅसिव्ह सबवूफरमध्ये नुसता स्पीकर असतो. त्याच्या पाठीला विजेची वायर नसते, केवळ लाल-काळी दोन टोके असतात. जुन्या संचांतील पेट्या बहुधा या दुसऱ्या जातीच्या, कारण त्यांचा अँप्लिफायर मुख्य संचातच बसवलेला असे. नवे रिसीव्हर मात्र समोर ॲक्टिव्ह सबवूफर आहे असे गृहीत धरतात. त्यांच्या पाठीवर ‘सब आउट’ लिहिलेले एक गोल भोक असते. त्यातून येतो तो केवळ संदेश.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर तो अदा करण्याचा आदेश असतो, रोकड नव्हे. पेटीच्या पाठीवर ४ ओहम, १०० वॅट असे छापलेले असेल, तर पूर्ण जोराने वाजण्यासाठी तिला २० व्होल्ट दाब आणि ५ अँपिअर प्रवाह लागतो. सब आउटमधून मिळतात एक-दोन व्होल्ट, आणि तेही हजारो ओहम रोध असलेल्या दुसऱ्या यंत्राच्या दाराशी पोचवण्यापुरते. प्रवाह देण्याची त्याची ऐपतच नसते. या दोहोंच्या मध्ये आदेश घेऊन रोकड मोजणारा कोणी तरी बसवला पाहिजे. तो म्हणजे वेगळा अँप्लिफायर. संपूर्ण प्रश्नाचे मर्म इतकेच आहे. उरलेला सगळा तपशील तो कोठून आणावा आणि कसा जोडावा याचा.

गावातील एका दुरुस्तीवाल्याने मात्र सोपा मार्ग सुचवला. समोरच्या डाव्या स्पीकरच्या वायरींतच पेटीच्या वायरी पिळून टाका, म्हणाला. हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून त्यातील धोका सांगणे भाग आहे. ६ ओहमचा स्पीकर आणि ४ ओहमची पेटी समांतर जोडली की रिसीव्हरला दोघांचा मिळून रोध अवघा २.४ ओहम दिसतो. पुष्कळ रिसीव्हरांवर किमान ६ ओहमची अट छापलेली असते. रोध जितका कमी तितका प्रवाह अधिक. आवाज थोडा वाढवताच रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, आणि पुन्हा पुन्हा तसे करायला लावले तर एक दिवस खरोखरच जळतो. शिवाय या जोडणीत खालचे-वरचे सगळेच ध्वनी पेटीत शिरतात आणि गायकाचा आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा येतो. अण्णांनी दुरुस्तीवाल्याला चहा पाजून परत पाठवले.

अँप्लिफायर शोधण्यापूर्वी पेटी खरोखर जिवंत आहे का हे पाहणे शहाणपणाचे. त्यासाठी दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल पुरतो. पेटीच्या दोन टोकांना तो क्षणभर टेकवून काढावा. आतून ‘थप्’ असा आवाज आला आणि पडदा पुढे किंवा मागे हलला, तर वेटोळे शाबूत आहे. मल्टीमीटर असल्यास रोध मोजावा. छापील ४ ओहमच्या ठिकाणी सव्वातीन-साडेतीन दिसले तर घाबरू नये. मीटर एकदिश प्रवाहाचा रोध मोजतो आणि तो छापील आकड्यापेक्षा कमीच भरतो. मग जाळी काढून पडद्याभोवतीची कड पाहावी. ही कड रबराची असेल तर दीर्घायुषी. फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, बोट लावताच तुकडे हाती येतात. ती बदलून मिळते, पण काम नाजूक असते. शेवटी दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सर्व बाजूंनी सारखा, अगदी हलकेच दाबावा. खरखर ऐकू आली तर आतले वेटोळे चुंबकाला घासत आहे, आणि मग अण्णांच्या मुलाचा सल्लाच मानावा. या घरातील पेटीची कड रबराची निघाली. मीटरने ३.४ दाखवले. खरखर नव्हती. पेटीच्या मागच्या छिद्रातून एक खोडरबर आणि दोन चिंचोके तेवढे निघाले.

येथे एक अपवाद नोंदवून ठेवायला हवा. काही जुन्या पेट्यांच्या पाठीवर दोनऐवजी बरीच टोके असतात: डाव्या-उजव्या बाजूने आत येणारी आणि लहान स्पीकरांकडे बाहेर जाणारी. त्यांच्या पोटात ध्वनीची वाटणी करणारी वेटोळी आणि कपॅसिटर असतात. अशा पेट्या आपल्या जोडीच्या लहान स्पीकरांसह साध्या स्टिरिओ अँप्लिफायरवर चालण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि त्या तशाच चालवाव्यात.

आता अँप्लिफायर. मुलाने पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चौकशी केली. मुंबईकर अशा वेळी लॅमिंग्टन रोड गाठतात. तेथे पहिला पर्याय समोर येतो तो प्लेट अँप्लिफायरचा. धातूच्या पत्र्यावर बसवलेला हा अँप्लिफायर पेटीच्या पाठीला भोक पाडून आत बसवतात, की पॅसिव्ह पेटी ॲक्टिव्ह होते. त्यात ध्वनी गाळणारा फिल्टर, आवाजाची कळ, संदेश येताच आपोआप सुरू होण्याची सोय, सगळे असते. उत्तम वस्तू, पण जुन्या पेटीचे लाकूड म्हणजे दाबलेला भुसा असतो, कापताना कोपरे ढासळतात आणि फट राहिली तर हवा शिट्टी घालते. किंमतही कमी नसते. नव्या ॲक्टिव्ह सबवूफरच्या निम्म्याहून अधिक पैसे जुन्या पेटीवर घालावे लागणार असतील, तर ममता बाजूला ठेवून नवाच घ्यावा.

दुसरा पर्याय तयार सर्किट बोर्डांचा. अलीकडे टीपीए ३११६ नावाची चिप लावलेले बोर्ड जिकडे तिकडे मिळतात. ही ‘क्लास डी’ जातीची चिप आहे. ती विजेचा सुमारे नव्वद टक्के भाग ध्वनीसाठी वापरते, म्हणून फारशी तापत नाही आणि तळहाताएवढ्या जागेत मावते. बोर्डावर १०० वॅट छापलेले असते. तो आकडा खोटा नसतो, पण तो ४ ओहमसाठी नसून त्याहून कमी रोधासाठी असतो. २४ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर हा बोर्ड ४ ओहमच्या पेटीला स्वच्छ असे जेमतेम ७० वॅट देतो. चोविसाचा वर्ग करून त्याला आठाने भागले की ७२ येतात; त्याहून अधिक आणायचे कोठून?

आकड्यांच्या बाबतीत या धंद्याची कीर्ती फारशी चांगली नाही. ‘पीएमपीओ’ नावाचे माप ज्यांना आठवते, त्यांना हजार वॅट छापलेले आणि दोन हातांत मावणारे डेक आठवतील. अशा डेकच्या पाठीवर बारीक अक्षरांत विजेचा वापर वीस-तीस वॅट लिहिलेला असे. वीस रुपये जमा असलेल्या खात्यातून हजाराचा चेक वटवण्याची ही करामत होती. म्हणून कोणताही अँप्लिफायर घेताना पुढच्या बाजूचा मोठा आकडा वाचण्याआधी पाठीवरचा लहान आकडा वाचावा. मात्र ७० वॅट मिळाले, १०० नाही मिळाले, म्हणून हळहळण्याचेही कारण नाही. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दसपट लागते. सत्तर आणि शंभर यांतील फरक दीड डेसिबलचा, घरच्या ऐकण्यात तो जाणवतही नाही.

मोटारीतील अँप्लिफायर वापरण्याची कल्पनाही कोणी तरी काढतोच. त्याला १२ व्होल्टवर मोठा प्रवाह लागतो, तेवढा पुरवठा घरात उभा करायचा म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. ही म्हण शाकाहारी घरातही याच अर्थाने चालते.

अण्णांच्या घरी प्रश्न सुटला तो मात्र वेगळ्याच वाटेने. त्यांच्या मेहुण्यांकडे एक जुना स्टिरिओ अँप्लिफायर कपाटावर पडून होता. त्याची उजवी बाजू बंद पडली होती, म्हणून तो निकामी ठरला होता. डावी बाजू ठणठणीत होती. सबवूफरला एकच बाजू पुरते! तळच्या ध्वनींना दिशा अशी फारशी नसतेच. ४० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे बहुतेक दिवाणखान्यांपेक्षा मोठी. ती कोठून आली हे कानाला कळत नाही. म्हणून पेटी एक असली तरी भागते आणि तिच्यासाठी डावे-उजवे करावे लागत नाही.

जोडणी अशी झाली. रिसीव्हरच्या सब आउटमधून निघालेली पिनची वायर स्टिरिओ अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ या डाव्या भोकात, आणि त्याच्या डाव्या स्पीकरच्या टोकांतून दोन वायरी पेटीकडे. या दुसऱ्या वायरी तांब्याच्या आणि जाड हव्यात. दीड चौरस मिलिमीटरची वायर चार-पाच मीटर अंतराला पुरेशी होते. जोडताना सर्व यंत्रांचे प्लग भिंतीतून काढलेले असावेत, आणि अँप्लिफायरचे झाकण तर प्लग काढल्यावरही लगेच उघडू नये, कारण आतील मोठे कपॅसिटर काही काळ विजेचा साठा धरून असतात. अँप्लिफायरवरील बास-ट्रेबलच्या कळा मध्यावर आणि ‘लाउडनेस’ बंद ठेवले. या जुन्या अँप्लिफायरमध्ये ध्वनी गाळण्याची सोय नव्हती, पण तिची गरजही नव्हती. सब आउटमधून निघणारा संदेश रिसीव्हरने आधीच गाळलेला असतो. ज्यांच्या अँप्लिफायरमध्ये स्वतःचा फिल्टर असेल त्यांनी त्याची कळ सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवावी, नाही तर एकच काम दोघे करतात आणि मधला थोडा ध्वनी दोघांच्या भांडणात मरतो.

एवढे करूनही पहिल्या दिवशी पेटी गप्प राहिली. बंधूंची कॅसेट म्हणजे साधे ध्वनिमुद्रण; त्यात चित्रपटासारखी ‘पॉइंट वन’ वाहिनी कोठली? अशा वेळी रिसीव्हरला सांगावे लागते की समोरचे स्पीकर लहान आहेत, त्यांच्या वाटचा खालचा भाग सबवूफरकडे पाठव. सूचीत जाऊन स्पीकरपुढे ‘स्मॉल’ निवडायचे आणि वाटणीची रेषा ८० हर्ट्‌झवर ठेवायची. चांगले, महागडे स्पीकर घेतलेल्या पुष्कळांना ‘स्मॉल’ हा शब्द अपमानास्पद वाटतो आणि ते ‘लार्ज’ निवडतात. मग सबवूफर चित्रपटापुरता जागा होतो आणि गाण्याला झोपून राहतो.

पेटी बोलू लागली, पण सोबत एक अखंड घूंऽऽ असा आवाजही आला. हा ५० हर्ट्‌झचा, म्हणजे आपल्या विजेचा आवाज. दोन यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली गेली, की त्यांच्यात असा वळसा तयार होतो. यावर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण छातीठोकपणे सांगतात. तो कधीही करू नये. ती पिन आवाजासाठी नसून जीव वाचवण्यासाठी असते. येथे सर्व यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणल्यावर गुणगुण पुष्कळ कमी झाली, आणि केबल टीव्हीची वायर काढताच पूर्ण थांबली. ती वायर अण्णांनी पुन्हा लावलीच नाही. त्यांच्या मते बातम्यांवाचून कोणाचे काही अडत नव्हते.

पेटीची जागा ठरवायला दोन दिवस लागले. कोपऱ्यात ठेवली की भिंती आवाज फुगवतात आणि तंबोऱ्याचा ढोल होतो. यावर एक जुनी युक्ती आहे: पेटी ऐकणाऱ्याच्या खुर्चीच्या जागी ठेवायची, गाणे लावायचे आणि आपण खोलीभर कान जमिनीलगत नेऊन जेथे आवाज स्वच्छ लागेल ती जागा हेरायची, मग पेटी तेथे हलवायची. सत्तरी उलटलेल्या माणसाने रांगणे शोभले नसते, म्हणून हे काम नातवाकडे आले आणि त्याने ते आनंदाने केले. पेटीच्या दोन वायरी एकदा उलटसुलट करून पाहिल्या. ज्या जोडणीत आवाज भरीव लागला ती कायम केली. अँप्लिफायरच्या आवाजाच्या कळीवर अण्णांच्या सुनेने एक टिकली चिकटवली, म्हणजे झाडलोट करताना कळ फिरली तरी मूळ जागा सापडावी. हा अँप्लिफायर आपोआप बंद होत नाही आणि नुसता बसूनही वीज खातो, म्हणून बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागली.

खालच्या मजल्यावर बिऱ्हाड आहे. तळचे ध्वनी भिंत आणि स्लॅब ओलांडून जातात. वरच्या घरात जे गाणे असते ते खाली नुसते धुमधुम होऊन पोचते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहापासून सकाळी सहापर्यंत मोजतात. अण्णांनी पेटीखाली जाड रबराचे चार तुकडे ठेवले आणि नऊनंतर ती बंद ठेवण्याचे आपणहून ठरवले.

मुलगा पुढच्या महिन्यात आला, तेव्हा त्याला बसवून ती पहिली कॅसेट लावली गेली. गाणे सुरू होण्यापूर्वी मिनिटभर नुसता तंबोरा होता. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी भुवया आखडल्या.

“काय झालं अण्णा? परत घूं येतंय का?”

“नाही रे,” अण्णा म्हणाले. “दादाची खर्जाची तार त्या दिवशी जरा उतरली होती. इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.”